नकाशातला गाळखड्डा

कारखाना उभा करायचा तर विटांच्या आधी कागद रचावे लागतात, ही अक्कल मला बारामतीत आल्यावर आली. नव्वदनंतरची ती वर्षं. माळरानं मोजली जात होती आणि दर चार दिवसांनी कुणीतरी नवा माणूस हातात सातबारा घेऊन आमच्या ऑफिसात यायचा आणि म्हणायचा, "साहेब, पुढच्या महिन्यात पाया खोदायचाय." मी टेबलावरून मान वर न करता म्हणायचे, "खोदा की. मग बुजवायला पण तुम्हीच या." कंत्राटदार मला टरकून असायचे. आत यायच्या आधी शिपायाला विचारायचे, "ताई हायत का?" मी असले तर खाली जाऊन चहा प्यायचे, कागद पुन्हा एकदा बघायचे आणि मगच जिना चढायचे.

ऑफिस एका खासगी सल्लागार इंजिनिअरचं, भिगवण रस्त्याला. खाली खताचं दुकान, वर आम्ही. साहेब, एक टायपिस्ट, एक शिपाई आणि मी. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. आमच्या वस्तीतली टेबलावर बसून पगार घेणारी पहिली पोरगी. त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू.

काम परवानग्यांचं. बिगरशेतीचा परवाना, ग्रामपंचायतीचा ठराव, प्रदूषण मंडळाची संमती, आणि जागेच्या कडेनं ओढा जात असेल तर पाटबंधारे खात्याचं ना-हरकत पत्र. लोकांना वाटायचं ही सगळी साहेबलोकांची चरायची कुरणं. असतीलही. पण मला त्यातला पावसाच्या पाण्याचा भाग मनापासून आवडायचा. माळावर गवत असतं, तरवडाची झुडपं असतात, ती माती धरून ठेवतात. तुम्ही ते सगळं खरवडलं, पाया खोदला, निघालेल्या मुरमाचा ढीग कडेला लावला, की एका जोराच्या पावसात तो ढीग खालच्या माणसाच्या दारात जाऊन बसतो. म्हणून तो कागद विचारत असतो की बाबा, पाणी कुठून येतं, कुठं जातं, आणि खाली कोण राहतं. हे प्रश्न मला फार शहाणे वाटायचे. उत्तरं लिहिणारे आमच्यासारखे होते, तो भाग वेगळा.

आणि एक दिवस जी फाईल आली तिच्यावर माझ्याच गावाचं नाव होतं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बारामतीहून येस्टीनं पाऊण तास. मी बारामतीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. गावाच्या वरच्या अंगाला माळ, माळावरून उतरणारा ओढा, ओढ्याच्या काठाला आमची वस्ती, आणि वस्ती नि ओढा यांच्या मधोमध आमची विहीर. आमची म्हणजे घरची नव्हे, सगळ्या वस्तीची. धम्म घेतल्यावर वस्तीतल्या नऊ घरांनी ठरवलं, की गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतील म्हणून आता ताटकळायचं नाही. माझे वडील तेव्हा विशीतले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्या नऊ घरांनी दोन उन्हाळे खपून सात परूस विहीर पाडली. परूस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, तेवढी उंची. तळाला काळा पाषाण लागला. सुरुंग लावावा लागला आणि त्यात शेजारच्या नानींच्या नवऱ्याची दोन बोटं गेली. ती बोटं गेल्यावरही तो माणूस आठव्या दिवशी पहार घेऊन पुन्हा खाली उतरला होता, असं नानी सांगायच्या.

बाहत्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली आणि आमची टिकली. तेव्हा गाव आमच्याकडं पाण्याला आलं. आबांनी एकाही माणसाला माघारी लावलं नाही. मोठी झाल्यावर मी यावरून आबांशी भांडलेय. "तुमास्नी उभं ठिवलं त्यांनी अन् तुमी त्यांच्या घागरी भरल्या?" आबा म्हणायचे, "आपल्याकडं पाणी हुतं. ते दिलं." एवढंच. माझी आई म्हणायची की ही पोरगी बापावर न जाता कुणावर गेली देव जाणे. आबा म्हणायचे, "देवाचं नाव कशाला घेतीस, तुज्यावर गेलीय."

तर ती फाईल पुठ्ठ्याच्या कारखान्याची. बाहेरच्या मालकांनी गावच्या माळावर बारा एकर घेतली होती. मी नकाशा पसरला आणि पेन्सिलीनं उताराचे बाण काढत गेले. सगळा माळ ओढ्याकडं कललेला. आवाराच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेला शेवटचा बाण सरळ आमच्या विहिरीपाशी आला.

मी तशीच साहेबांकडं गेले. म्हटलं, इथं गाळखड्डा लागेल. उताराला आडवे चर मारायचे, बांधकामावरचं सगळं पाणी त्या चरांनी एका मोठ्या खड्ड्यात आणायचं, तिथं निवळू द्यायचं, माती तळाला बसली की वरचं नितळ पाणी ओढ्यात सोडायचं. साहेब म्हणाले, "आपल्या भागात पाऊस पडतो किती, त्याला एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "पडतो तेव्हा एका दिवसात पडतो." कारखान्याचा माणूस कुरकुरला. मी त्याला म्हटलं, तुमच्या घरच्या पाण्यात कुणी मुरूम कालवला तर चालेल का. साहेब हसले आणि म्हणाले, घ्या मग. खड्डा नकाशात आला. पाटबंधारे खात्यानं तो उचलून थेट अटच केली: खोदकाम सुरू करण्याआधी चर व गाळखड्डा पूर्ण करावा आणि तसं पूर्ततेचं पत्र नकाशासह द्यावं.

आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झालाय. त्या शनिवारी गावी गेले तेव्हा मी आबांना जमिनीवर काडीनं काढून दाखवलं, इथनं पाणी येणार, इथं थांबणार, इथनं जाणार. ते उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आपली हीर तू राखलीस." मी म्हटलं, "व्हय, मीच."

आता आमच्या ऑफिसातली रीत सांगते. जे काम व्हायचंय ते नकाशात लाल शाईनं दाखवायचं आणि जे जागेवर झालंय ते काळ्या. पूर्ततेचा नकाशा द्यायची वेळ आली की त्याच ट्रेसिंग पेपरवरची लाल रेघ ब्लेडनं हलकेच खरवडायची आणि तिथं काळी ओढायची. आणि दुसरी एक रीत होती, ती कुठं लिहिलेली नव्हती. काम होईपर्यंत कुणी थांबायचं नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, म्हणून सगळे कागद आधीच पुढं धाडायचे. कागद पुण्याला पोचेपर्यंत काम होऊन जाईल, असा हिशेब. नव्वद टक्के वेळा व्हायचंही. मी अशा कितीतरी लाल रेघा काळ्या केल्या होत्या.

वैशाखातला शुक्रवार होता. साहेब म्हणाले, "पुठ्ठेवाल्यांचा खड्डा कुठवर आलाय?" मी म्हटलं, "मंगळवारी मशीन येतंय, असं सुपरवायझर म्हणाला. मी चांगलं झापलंय त्याला." साहेब म्हणाले, "मग काळा करून टाक. सोमवारी माणूस पुण्याला जातोय. आणि खाली 'जागेवर पाहणी केली' म्हणून तूच सही कर, गाव तुझंच आहे."

मी ब्लेड घेतलं. लाल रेघ खरवडली, काळी ओढली. खड्ड्याचे चारी कोपरे सुबक जुळले म्हणून मला बरं वाटलं. मग सही केली. मनात एवढंच आलं की उद्या गावी जातेच आहे, माळावर चढून बघून येईन.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. वस्तीत खीर होती, पाहुणे होते, लहान मुलांचं गाणं बसवलेलं होतं. ऊन असं की चप्पल घालूनही पाय भाजत होते. माळ दोन किलोमीटर वर. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ. आणि सकाळी मामेबहिणीच्या सासरची माणसं आली. मी गेले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. मी गेले नाही, एवढंच खरं आहे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाल्यावर नानींनी विषय काढला. माळावर गाड्या फिरायला लागल्यात, खोदाई सुरू हुनार, आपल्या हिरीचं काय. नानी तशा आडव्या डोक्याच्या, मला त्या म्हणून आवडायच्या. त्या म्हणाल्या, "तहसीलीत जाऊ. खड्डा डोळ्यानं बघितल्याबिगर काम सुरू करू द्यायचं न्हाय." दोन-तीन माणसं उठलीही होती. तेव्हा आबा माझ्याकडं वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गं, खड्डा हाय का?"

मी म्हटलं, "हाय आबा. नकाशात काळ्या शाईनं हाय. सरकारात गेला कागद."

कागद तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होता, सोमवारी जायचा होता. खड्डा तर कुठंच नव्हता. पण मला ते खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. आबा लोकांना म्हणाले, "बसा खाली. माज्या लेकीनं सवता केलंय काम. तिची सही हाय." माणसं बसली. नानी पण बसल्या. त्यांनी माझ्या हातात खिरीची वाटी दिली आणि म्हणाल्या, "मग काय घोर न्हाय."

मंगळवारी मशीन आलं नाही. नंतर आलं, ते पाया खोदायला. जून कोरडा गेला, जुलै भुरभुरीत. मी सुपरवायझरला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "ताई, पाऊस कुठाय? उगं खड्डा केला तर मेंढरं पडून मरायची." मी हसले. आज मला त्या हसण्याची शिसारी येते. शनिवारी येस्टीच्या खिडकीतून माळावरचा मुरमाचा ढीग दिसायचा, दर आठवड्याला थोडा मोठा, अगदी ओढ्याच्या काठाला लावलेला. मी बघायचे आणि म्हणायचे, सोमवारी फोन करते. सोमवारी दुसरी फाईल यायची.

उत्तरा नक्षत्र लागलं आणि एका रविवारी दुपारी आभाळ फाटलं. मी घरीच होते. आमच्याकडं परतीचा पाऊस असाच येतो, वर्षाचं सगळं देणं एका दुपारी देऊन जातो. ओढा तासाभरात भरला. भरू दे, तो दर दोन-तीन वर्षांनी भरायचा, विहिरीच्या काठाला लागून निघून जायचा. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग पाण्याचा रंग बदलला.

आमच्या शिवारातल्या रानांची माती काळी. पूर आला की पाणी काळपट येतं. हे तांबडं होतं, आणि दाट, खिरीसारखं संथ. नानींनी पहिल्यांदा बघितलं आणि ओरडल्या. माणसं पोत्यात माती भरून विहिरीच्या ओढ्याकडच्या अंगाला लावायला लागली. आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पोती धरत होते. मीही धरत होते. पोतं ठेवलं की पाणी त्याच्या बाजूनं वाट काढायचं. शेवटी वरून ढिगाचा मोठा लोट सुटून आला असणार, कारण पोती एकदम वाहून गेली आणि तो सगळा तांबडा राडा विहिरीत पडायला लागला. त्याचा आवाज होत नव्हता. पाणी पाण्यात पडतं तसा आवाज नाही, नुसतं घसरत होतं. आबांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. आम्ही सगळे उभं राहून बघत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

सोमवारी सकाळी विहिरीत डोकावलं तर काठापासून दीड परूस खाली तांबडी जमीन दिसत होती. वर वीतभर पाणी. आबांनी एक दगड टाकला. तो रुतून बसला.

मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. आबा गोठ्यात वैरण टाकत होते तिथं गेले आणि उभ्याउभ्या सांगितलं. "आबा, खड्डा न्हवता. मी माळावर गेलेच न्हवते. न बघता सही केली." त्यांनी हातातली पेंडी खाली ठेवली. बराच वेळ ते गाईच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. मला वाटलं आता एक मुस्काटात बसेल. बसली असती तर मी आज त्यांची ऋणी असते. ते म्हणाले, "हे कळलं तर तुजी नोकरी जाईल?"

"जाईल. वर केस पण हुईल म्हणत्यात."

"आन् न्हाय कळलं तर?"

मी म्हटलं, "मग कंपनीवर काय बी येत न्हाय. कागदाला खड्डा हाय. हीर तशीच राहील."

ते म्हणाले, "जा, च्या पिऊन घे."

बुधवारी पंचनामा झाला. तलाठी आले, ग्रामसेवक आले, कारखान्याचा सुपरवायझर आला. आमचे साहेबही जीप घेऊन आले. मी त्यांच्याबरोबरच बारामतीहून आले, कारण मंगळवारी मी ऑफिसला गेले होते. जीपमध्ये साहेब एवढंच म्हणाले, "तू काही बोलू नकोस. मी सांभाळतो." मला कुणी 'बोलू नकोस' म्हटलेलं आजवर चाललं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तलाठ्यांनी विहिरीच्या काठावर नकाशा पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार दगड ठेवले. माझा नकाशा. काळ्या शाईतला खड्डा, चारी कोपरे जुळलेले. ते म्हणाले, "कंपनीनं गाळखड्डा केलेला दिसतोय. सहीनं प्रमाणित आहे." सुपरवायझर म्हणाला, "व्हय साहेब, केला हुता. पुरात बुजला." तलाठ्यांनी वस्तीकडं बघितलं. "तुमचं म्हणणं काय? गाळ कुठून आला? जाणत्या माणसानं सांगा, मी लिहून घेतो."

जाणते म्हणजे आबाच. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. आता आबा सांगणार, याची कुणाला शंका नव्हती. गाळ समोर होता, तांबडा, वाळून भेगा पडायला लागलेला. आंधळ्यानंही हात लावून सांगितलं असतं की हा माळाचा मुरूम आहे. आबांनी माळावरनं आला म्हटलं असतं तर तलाठ्यांना माळावर चढावं लागलं असतं, तिथं खड्ड्याची खूणही नाही हे लिहावं लागलं असतं, आणि कारखान्याला ती विहीर तळापर्यंत उपसून बांधून द्यावी लागली असती. आणि मी संपले असते.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "वरच्या अंगाच्या वावरातनं आला साहेब. बांध फुटलं. पाऊसच तसा हुता."

नानी म्हणाल्या, "आरं, काय बोलतुयास तू?"

आबा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "लिवा साहेब. वावरातनं आला."

वाऱ्यानं नकाशाचा कोपरा फडफडत होता. मी नानींच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होते. वस्तीतल्या एकानंही आबांचं बोलणं खोडलं नाही. वडीलधाऱ्याला परक्यांसमोर खोटं पाडायचं नाही, ही आमच्यातली रीत. तलाठ्यांनी लिहिलं: शेतातील बांध फुटून नैसर्गिक आपत्तीने. पंचांच्या सह्या झाल्या. आबा लिहायला उशिरा, मोठ्यांच्या वर्गात शिकले होते, एकेक अक्षर दाबून काढायचे. त्यांनी सही करायला खूप वेळ घेतला. तलाठी म्हणाले, कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत अर्ज द्या, फेरपाहणी करता येईल. हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि कागद पिशवीत घातले.

साहेब जीपकडं चालायला लागले होते. मी आबांजवळ गेले. मला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "जा, गाडी थांबलीय तुजी." मी जाऊन जीपमध्ये बसले.

तो महिना मी रोज अर्ज लिहिला. मनात. अंघोळ करताना, जेवताना, रस्त्यानं चालताना. मजकूर इतका घोटला होता की आजही पाठ आहे: मी खाली सही करणार असे लिहून देते की. त्यापुढचं वाक्य कागदावर एकदाच उतरवलं आणि फाडलं. मला नोकरी सुटायची भीती होती, हे तर झालंच. पण त्याहून जास्त भीती होती ती कंत्राटदारांच्या तोंडाची. 'ताई' म्हणून मला टरकणारी ती माणसं उद्या जिन्यात उभी राहून हसतील, हे मला सहन होणार नव्हतं. एवढ्या क्षुद्र गोष्टीसाठी माणूस एवढी मोठी गोष्ट बुडवू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एकतिसाव्या दिवशी मी टेबलाशी बसून एका गोदामाच्या गटारीची रेघ ओढत होते आणि माझ्या लक्षात आलं की मुदत संपली. मला हलकं वाटलं. हेही लिहून ठेवते. मला हलकं वाटलं होतं.

वस्तीनं विहीर उपसायचा प्रयत्न केला. नऊ घरांची आता वीस झाली होती, तरणी माणसं होती. पण ओला मुरूम वाळला की सिमेंटसारखा धरतो. चार परूस निघाला, पुढं पहार वाजायला लागली. मग एका कडेनं बांधकाम ढासळलं आणि काम थांबवावं लागलं. खालचे झरे बुजले ते बुजलेच. पुढं वस्तीला गावच्या नळाची एक जोडणी मिळाली, तिसऱ्या दिवशी अर्धा तास. आबा गाळ काढायला रोज उतरायचे. सगळ्यांच्या आधी उतरायचे आणि सगळ्यांच्या शेवटी वर यायचे. साठीच्या पुढचा माणूस. त्यांना कुणी नको म्हटलं नाही आणि त्यांच्याशी कुणी फारसं बोललंही नाही. आईनं मला हे नंतर सांगितलं.

ते माझ्याशी मात्र पहिल्यासारखेच राहिले. कामाचं विचारायचे. नवा नकाशा काय काढलास म्हणायचे. विहिरीचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. मी तो काढला नाही आणि त्यांनी काढू दिला नाही असं मी धरून चालले. मला वाटायचं, त्यांनी ठरवून माझी बाजू घेतली, विहिरीपेक्षा लेक मोठी मानली, आणि विषय मिटवला. त्या समजुतीवर मी चार वर्षं काढली. रडायचे त्यावर, पण त्यात एक ऊबही होती.

चार वर्षांनी, दम्यानं, आबा गेले. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली. जेवणं झाली, माणसं पांगली. नानी माझ्याशेजारी येऊन भिंतीला टेकून बसल्या. त्या आता फार थकल्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नानी, आबा त्या दिवशी खोटं बोलले. माज्यापायी."

"ते तवाच कळलं की. मुरूम काय आमी वळखत न्हाय?"

"मग तुमी अर्ज का दिला न्हाई? महिना हुता."

"तुज्या बानं हात जोडलं. म्हनला, पोरीच्या तोंडनं येऊ द्या, ती यील." नानींनी पदरानं तोंड पुसलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "बारामतीची येस्टी यायच्या टायमाला रोज फाट्यावर जाऊन बसायचा. येस्टी गेली की घरला यायचा. आमी इचारायचो, आली का. तर म्हनायचा, आज काम असंल तिला, उद्या यील. महिनाभर."

त्या महिन्यात मी एकदाही गावी गेले नव्हते.